पगार एकाचा, घर पूर्ण : एकट्या पालकाचा महिना का पुरत नाही?

गेल्या वर्षी नोव्हेंबरात डब्याच्या सुट्टीत आमच्या स्टोअर्समधल्या एका भाऊंनी मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचली. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के. 2012 हे आधारवर्ष धरून मोजायला लागल्यापासूनचा सगळ्यांत कमी. "म्हणजे ताई, महागाई संपलीच की," ते म्हणाले. त्याच सकाळी मी मुलीच्या शाळेचा दुसरा हप्ता भरला होता. महिना संपायला सतरा दिवस होते आणि खात्यात 3,100 रुपये.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पगारपत्रकं बनवते. माझं पॅकेज 9 लाखांचं आहे. मुलगी चौथीत. नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. ऐकणाऱ्याला वाटतं, 9 लाख आणि खाणारी तोंडं दोन, मग कमी कुठे पडतं? माझ्या आईला तसंच वाटतं. बरीच वर्षं मलाही वाटायचं की आपल्यालाच घर चालवता येत नाही. दोनशे माणसांचे पगार दर महिन्याला पैशापर्यंत जुळवणारी बाई स्वतःच्या घराचा हिशेब जुळवू शकत नाही, याचा त्रास फार होतो.

मग मी तो हिशेब एखाद्या कामगाराच्या पगारपत्रकासारखा ओळीनं मांडला. त्यात जे दिसलं ते इथे सांगते. एकटी आई असो, एकटे बाबा असोत, किंवा अशा माणसाच्या शेजारी बसून "एवढा पगार जातो कुठे" असं मनात म्हणणारे कुणी असोत, सगळ्यांसाठी.

## आधी पगार : 9 लाखांतले हातात किती?

पॅकेज म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडता तो आकडा. तुम्हाला मिळतो तो पगार वेगळा. माझंच घ्या. 9 लाख म्हणजे महिन्याला 75,000. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 4,500, ग्रॅच्युइटीपोटी बाजूला ठेवलेले 1,800, कंपनीच्या आरोग्यविम्याचे 700 आणि वर्षाच्या शेवटी कामगिरी बघून मिळायचे 60,000, म्हणजे महिन्याचे 5,000. एवढं गेल्यावर पगारपत्रकावर 63,000 दिसतात. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. बँकेत येतात 58,300.

पीएफ माझाच आहे, तो बुडत नाही, हे मान्य. पण तो म्हातारपणाचा पैसा आहे, त्यातून या महिन्याचं दूध येत नाही. पॅकेज ऐकून घराचा अंदाज बांधणारा माणूस पहिल्याच पायरीवर 16,700 रुपयांनी चुकलेला असतो.

## तवा तापायला लागणारा गॅस

सकाळी पावणेसहाला मी तवा ठेवते. मुलीच्या डब्याला दोन पोळ्या, माझ्या डब्याला तीन. पहिली पोळी टाकायच्या आधी तवा नीट तापावा लागतो, नाहीतर ती चिवट होते. तवा तापायला जो गॅस लागतो तो पाच पोळ्या करा की बारा करा, तेवढाच. वाढतो तो फक्त पुढच्या पोळ्यांचा गॅस.

घराचा खर्च असाच असतो. एक भाग तवा तापवण्याचा : भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट, फ्रीजची वीज, विजेचा स्थिर आकार. माणसं किती हे तो विचारत नाही. दुसरा भाग पोळ्यांचा : धान्य, भाजी, कपडे, औषधं. घरातून एक मोठा माणूस कमी झाला की दुसरा भाग कमी होतो, पहिला जिथे होता तिथेच राहतो. इंदिरानगरच्या ज्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघी राहतो, तिथे तिघंही राहिले असते. भाड्यात एक रुपयाचा फरक पडला नसता.

अर्थशास्त्रात यासाठी एक मोजपट्टी आहे, तिला समतुल्य मोजपट्टी म्हणू. वेगवेगळ्या आकाराच्या घरांचं राहणीमान एका पातळीवर आणून तोलायचं हे तिचं काम. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या नावानं ओळखली जाणारी पट्टी सगळ्यांत जास्त वापरली जाते. ती पहिल्या मोठ्या माणसाला 1 धरते, पुढच्या प्रत्येक मोठ्याला 0.5 आणि लहान मुलाला 0.3.

आता मोजा. आई, बाबा, एक मूल : 1.8. एकटी आई, एक मूल : 1.3. म्हणजे तिघांच्या घराला जिथे 100 रुपये लागतात, तिथे आम्हाला साधारण 72 लागतात. कमावणाऱ्या दोघांतला एक गेला की पैसे 50 उरतात, गरज मात्र 72 ची. एकट्या पालकाचं सगळं रडगाणं या 22 रुपयांत आहे.

आणि ही पट्टी मुलाच्या सांभाळाचे पैसे धरतच नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

## माझी वही

प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण ओळी बहुतेक याच असतील. भाडं आणि मेंटेनन्स मिळून 15,500. शाळा वर्षाला 78,000, म्हणजे महिन्याला 6,500, आणि शाळेच्या व्हॅनचे 1,800. शाळा सुटल्यापासून संध्याकाळी साडेसहापर्यंतचं पाळणाघर 5,000. संध्याकाळच्या पोळ्या-भाजीला येणाऱ्या मावशी आणि धुणं-भांडी-फरशीच्या मावशी मिळून 5,000. किराणा, भाजी, दूध, फळं 11,000. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट 3,200. स्कूटरचं पेट्रोल आणि दुरुस्ती 2,800. माझा मुदत विमा आणि आम्हा दोघींचा आरोग्यविमा 2,500. औषधं, कपडे, सणवार, वाढदिवसाच्या भेटी 4,000.

बेरीज 57,300. हातात येतात 58,300. उरतात 1,000.

या वहीत हॉटेल नाही, फिरणं नाही, दागिन्याची भिशी नाही. चैनीची ओळ शोधायला मी दोनदा बसले. वाढदिवसाच्या भेटी सापडल्या. त्या कापल्या असत्या तर मुलीनं वर्गातल्या मैत्रिणींकडे जाणं बंद केलं असतं, म्हणून ठेवल्या.

## मग बातमीतली ती महागाई कुणाची?

महागाईचा दर काढताना सरकार देशभराच्या घरांची मिळून एक मोठी बाजाराची पिशवी कल्पतं. कुठल्या वस्तूला त्या पिशवीत किती जागा द्यायची हे आधीच ठरलेलं असतं, त्याला भार म्हणतात. 2012 च्या मालिकेत खाण्यापिण्याला 45.86 टक्के भार होता आणि शिक्षणाला 4.46. त्यामुळे भाज्या आणि डाळी उतरल्या की अख्खी पिशवी हलकी वाटते. ऑक्टोबर 2025 मध्ये तेच झालं, खाद्यपदार्थ वर्षभरापूर्वीपेक्षा 5.02 टक्क्यांनी स्वस्त होते. लासलगावात कांद्याला भाव मिळेना म्हणून शेतकरी हवालदिल होतो तेव्हा महागाईचा आकडा मात्र छान दिसतो. हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

माझ्या पिशवीत खाण्याला जागा आहे 19 टक्के. शाळा, व्हॅन, पाळणाघर मिळून 23. म्हणून तोच बाजार माझ्या घरी वेगळा दिसतो. समजा माझ्या 11,000 च्या किराणा-भाजीवर पुरे 5 टक्के वाचले : 550 रुपये. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला आणि नव्या करारात 14,000 च्या भाड्यावर 7 टक्के वाढले : 980 रुपये. शाळेनं फी 10 टक्के वाढवली : महिन्याला 650. वाचले 550, वाढले 1,630. फरक 1,080. वहीत उरलेल्या हजाराच्या वर 80 रुपये. बातमी खरी आणि माझं रिकामं पाकीटही खरं. पगारवाढ होते तेव्हा तिचा पहिला घास ही तफावत घेते, उरलेलंच आपलं.

फेब्रुवारी 2026 पासून 2024 हे आधारवर्ष धरून नवी मालिका सुरू झाली आणि तिच्यात खाण्याचा भार कमी केला आहे. शहरी घरांच्या ती थोडी जवळ आली. तरी ती सरासरीच. स्वतःची महागाई मोजायची असेल तर मागच्या वर्षीची वही आणि या वर्षीची वही शेजारी ठेवायची, तेवढं पुरतं.

## घरातला दुसरा माणूस काय करतो?

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

केंद्र सरकारनं 2024 मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. 6 वर्षांवरच्या माणसांना विचारलं की कालचा दिवस कशात गेला. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसातली 289 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 88. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायकांची आणखी 137 मिनिटं, पुरुषांची 75. 289 मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, आणि देखभाल वेगळी. दोघं मोठे घरात असले की हे काम वाटून (बहुतेक घरांत वाटून न घेता) होतं. त्याला पैसे पडत नाहीत म्हणून ते कुठल्याच हिशेबात येत नाही.

एकट्या पालकाला ते विकत घ्यावं लागतं. माझ्या वहीतलं पाळणाघर आणि दोन्ही मावशी मिळून 10,000. हा दुसऱ्या माणसाच्या वेळेचा पगार आहे, मी दर महिन्याला देते. आणि त्यातही सगळं विकत मिळत नाही.

पाळणाघर साडेसहाला बंद होतं. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला 50 रुपये. अंबडहून सहाला निघालं तरी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी गाड्या तुंबल्या की पाऊण तास तिथेच. एका संध्याकाळी मी पोचले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगी पायरीवर बसली होती. बूट घातलेले, दप्तर पाठीला, पाण्याची बाटली मांडीवर. पाळणाघरातल्या काकू आत दिवा लावत होत्या. ती सव्वासहापासून तशीच बसली होती, कारण बूट घालून तयार राहिलं तर आई लवकर येते असं तिनं ठरवलं होतं. मी 100 रुपये दिले. काकूंनी 50 परत केले.

वेळ नसला की वस्तूही महाग पडतात. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार नाशिककरांना माहीत आहे, भाजी तिथे नक्कीच स्वस्त. पण बुधवारी मी कंपनीत असते. मग संध्याकाळी घराजवळच्या गाडीवर जी पालक उरली असेल ती, तो सांगेल त्या भावानं. घासाघीस करायलाही पाच मिनिटं लागतात आणि मागे मुलगी उभ्यानं पेंगत असते. स्वस्त म्हणून जे जे सुचवलं जातं, त्यातलं बरंचसं वेळ खर्चून स्वस्त झालेलं असतं.

## "आमच्याकडे तर एकाच पगारावर चार माणसं जगतात"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावणं बरोबर नाही. आमच्याच कारखान्यात 30,000 वर चौघांचं घर चालवणारे लोक आहेत, त्यांची पगारपत्रकं मीच करते. त्यांची ओढाताण माझ्याहून मोठी आहे.

मोजपट्टीनं बघू. माझ्याएवढा पगार, 58,300, एकटे बाबा कमावतात आणि घरात आई व एक मूल आहे. 58,300 भागिले 1.8, म्हणजे दर समतुल्य माणशी 32,400 च्या आसपास. माझे 58,300 भागिले 1.3, म्हणजे 44,800. नुसत्या रोख पैशात मी त्यांच्याहून बरी. पण त्या घरात दिवसभर एक मोठं माणूस आहे, तिथे पाळणाघर नाही, पोळ्यांच्या मावशी नाहीत. कमावणाऱ्याची नोकरी गेली तर दुसरीला काही ना काही सुरू करायचा मार्ग उरतो. आणि त्याच सोसायटीतल्या, दोघंही माझ्याएवढं कमावणाऱ्या घराशी तोलून बघा : 1,16,600 भागिले 1.8, जवळजवळ 64,800. भाडं, शाळा, व्हॅन यांचे भाव शहरात ही दोन पगारांची घरं ठरवतात. एका पगाराच्या घराला त्याच भावानं घ्यावं लागतं, मग ते एकट्या पालकाचं असो की एकट्या कमावत्याचं. आमचं दुखणं वेगळं असलं तरी बाजार एकच आहे.

## "पोटगी मिळते ना?"

कायद्यानं मिळायला हवी. आई कमावते म्हणून मुलाच्या खर्चातून बापाची सुटका होत नाही, दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 125 सगळ्यांना ऐकून माहीत असतं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नं घेतली आहे. निकाल लागेपर्यंतच्या अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या : दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू धरायची. कुणाचा अर्ज आता करायचा असेल तर ही दोन वाक्यं वकिलांसमोर जरूर काढावीत. अर्जाला उशीर केला तर तेवढे महिने हातचे जातात.

माझ्या मुलीसाठी महिन्याला 7,000 चा अंतरिम आदेश आहे. गेल्या बारा महिन्यांत ते चार वेळा आले. म्हणून वहीत त्यांची ओळच नाही. आले की ते सरळ वेगळ्या खात्यात जातात. माझं ठाम मत आहे की दुसऱ्याच्या मर्जीवर येणाऱ्या पैशावर भाड्याची आणि शाळेची तारीख टांगू नये. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज मी केलेला आहे, त्यासाठी तीन रजा गेल्या.

## कर माणूस बघतो, योजना घर बघतात

आपला प्राप्तिकर माणसागणिक लागतो. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर पडत नाही, त्यामुळे आज मलाही शून्य. पण पुढे काय होतं ते बघा. एका घरात नवरा-बायको 8-8 लाख कमावतात, घरात 16 लाख येतात आणि कर शून्य. दुसऱ्या घरात एकटी आई 16 लाख कमावते. 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 15.25 लाखांवर तिला उपकरासह 1,13,100 रुपये कर पडतो. घरात आलेला पैसा सारखाच, पण दुसऱ्या घरात मूल सांभाळायला माणूस विकत घ्यावं लागतं आणि वर करही.

योजनांची गोष्ट उलटी. त्या घराचं उत्पन्न बघतात, पण घरात मोठी माणसं किती हे बघत नाहीत. लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटित बायका बसतात, अट मात्र वर्षाला 2.5 लाखांच्या आतली. ती तशीच असावी, तो पैसा ज्यांना लागतो त्यांनाच जावा. पण मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिकवणी शुल्क माफ करणाऱ्या 2024 च्या राज्य सरकारच्या निर्णयात आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींसाठी 8 लाखांची मर्यादा आहे. माझं वर्षाचं उत्पन्न 8,16,000 होतं. दोन मोठी माणसं असलेल्या 7.9 लाखांच्या घरातली मुलगी आत आणि एकट्या आईच्या 8.16 लाखांच्या घरातली बाहेर. माझी मुलगी अजून चौथीत आहे, तिचा प्रश्न आज नाही. ज्यांच्या मुली बारावीत आहेत त्या एकट्या आया मला विचारतात, आणि माझ्याकडे देण्यासारखं उत्तर नसतं. उत्पन्नाची मर्यादा ठरवताना घरात कमावू शकणारे मोठे किती, एवढा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

## स्टेपनी नसलेली गाडी

दोन कमावती माणसं म्हणजे डिकीत स्टेपनी असलेली गाडी. एक चाक बसलं तरी गावापर्यंत जाता येतं. एकट्या पालकाकडे स्टेपनी नसते, आणि हे पंक्चर झाल्यावरच कळतं. साधं उदाहरण : मुलीला ताप आला. रजा संपल्या असतील तर दिवस बिनपगारी. 63,000 भागिले 30, एक दिवस 2,100 रुपयांचा. डॉक्टर आणि औषधं वेगळी. महिन्याचे उरलेले हजार तापाच्या पहिल्याच सकाळी संपतात. केंद्र सरकारी नोकरीत बायकांना आणि एकट्या बापांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. खासगी कारखान्यात तसं काही नाही.

म्हणून माझ्या मते एकट्या पालकानं आधी स्टेपनी बांधावी, गुंतवणूक नंतर. वर्षाचे ते 60,000 आले की त्यातले निम्मे मी हात न लावण्याच्या ठेवीत टाकते, निम्मे जूनच्या शाळेच्या पहिल्या हप्त्याला जातात. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत म्युच्युअल फंडाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं आहे. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीसोबत जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी हवी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला आहे, तेव्हा आधी महाग वाटली होती ती पॉलिसी पुन्हा विचारून बघा. मुदत विम्यात वारस म्हणून अल्पवयीन मुलीचं नाव घातलं असेल तर तिच्या वतीनं पैसे स्वीकारणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही लिहावं लागतं. आमच्या कारखान्यातले कित्येक फॉर्म मी पाहते, हा रकाना रिकामा असतो. मी माझ्या बहिणीचं नाव घातलं आहे.

## "लांब राहा, आईला बोलवा, खर्च कमी करा"

लांबचं घर मी बघितलं. म्हसरूळकडे, आडगावकडे भाडं चार हजारांनी कमी होतं. पण अंबड शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोजचं पेट्रोल वाढतं, पाळणाघराचा एक तास वाढतो आणि मुलगी पायरीवर आणखी उशिरापर्यंत बसते. हिशेब फिरून तिथेच आला. तुमचं काम त्या बाजूला असेल तर मात्र नक्की करा.

आईला बोलावलं होतं. ती सिन्नरला राहते, बाबांचे गुडघे गेलेत. ती दोन महिने राहिली, पाळणाघराचे 10,000 वाचले, आणि बाबा तिकडे शेजारच्यांच्या डब्यावर जगले. तिचाही वेळ फुकटचा नाही हे मला तेव्हा कळलं.

महापालिकेच्या शाळेचा विचार रास्त आहे. जवळ चांगली शाळा असेल तर 6,500 ची ओळ जवळजवळ जाते, इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच ओळीत नाही. मुलीला चौथीनंतर बदलायचं का, हे आम्ही दोघी मिळून ठरवतो आहोत.

## पाळणाघर, पण कामाच्या जवळ

50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय द्यावी असं 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आलं. आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. अंबड-सातपूरला मोठे कारखाने थोडे आणि तीस-चाळीस माणसांची युनिटं फार, ती या अटीत येतच नाहीत. पण त्याच संहितेत आणखी एक तरतूद आहे जी आमच्याकडे कुणाला माहीत नव्हती : अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून एकच सामायिक पाळणाघर चालवलं तरी चालतं.

आमच्या रस्त्यावर आमचा एक मोठा कारखाना आणि पाच लहान युनिटं आहेत. गेल्या महिन्यात मी तिथल्या पगारपत्रकं करणाऱ्यांना फोन केले. कामाला असलेल्या आया किती, दहा वर्षांखालची मुलं किती, एवढंच विचारलं. एका युनिटमधून दोन एकट्या बाबांचीही नावं आली, ती मी विचारली नव्हती. सगळी मिळून 23 मुलं. आमच्या गेटजवळ सायकल स्टँडच्या मागे एक जुनी खोली आहे, नळ आहे, खिडक्या दोन. सोमवारी तिचं माप घ्यायला आमचे मेंटेनन्सचे भाऊ येणार आहेत आणि मी 23 नावांचा कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.